मुंगीने नाकारलेले कर्ज

नाकतोडा आणि मुंगी यांची गोष्ट न ऐकलेला मराठी माणूस सापडणे कठीण. उन्हाळाभर गात-बागडत राहिलेला नाकतोडा, त्याच काळात कण कण वेचून वारूळ भरणारी मुंगी, मागाहून आलेला कठीण काळ आणि मुंगीच्या दारात उपाशी उभा असलेला नाकतोडा, एवढ्या चार चित्रांत ती संपते. आळसाचे दुष्परिणाम आणि बचतीचे महत्त्व मुलांच्या मनावर बिंबविण्यासाठी घरात, शाळेत व व्याख्यानांतून तिचा आजवर मुक्तहस्ते उपयोग होत आला आहे. तथापि ही कथा ज्या काव्यामुळे जगभर प्रसिद्ध झाली, ते काव्य बारकाईने वाचले असता एक निराळीच गोष्ट नजरेस येते. त्या कवितेत भीक मागितली जात नाही; कर्ज मागितले जाते. परतफेडीची मुदत सांगितली जाते, व्याज कबूल केले जाते, मुद्दल परत करण्याचा शब्द दिला जातो. आणि हे कर्ज नामंजूर होते. बँकेच्या व्यवहाराशी परिचय असलेल्या वाचकाने तरी ही कविता केवळ बचतीचा धडा समजून बाजूला ठेवू नये, इतका ऐवज तिच्यात आहे.

बावीस ओळींचा व्यवहार

ही कविता फ्रेंच कवी ज्याँ द ला फोंतेन (१६२१-१६९५) याची. त्याच्या बोधकथा-काव्यांचा पहिला संग्रह १६६८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा भागांचा हा संग्रह त्याने चौदाव्या लुईच्या सहा वर्षांच्या युवराजास अर्पण केला होता. त्यातील अगदी पहिली कविता म्हणजे 'ला सिगाल ए ला फुर्मी'. फ्रान्समधील मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या ती पाठ करीत आल्या आहेत.

'फुर्मी' म्हणजे मुंगी. 'सिगाल' मात्र नाकतोडा नव्हे. तो सिकाडा हा कीटक होय. सह्याद्रीच्या रानात, पावसाळ्याच्या तोंडावर, झाडांच्या खोडांना चिकटून कानठळ्या बसतील असा एकसुरी नाद करणारा कीटक ज्यांनी ऐकला आहे, त्यांना त्याची ओळख निराळी करून द्यावयास नको. इंग्लंडच्या थंड हवेत तो जवळजवळ आढळतच नसल्याने इंग्रजी भाषांतरकारांनी त्याच्या जागी ओळखीचा 'ग्रासहॉपर' आणून बसविला. मराठीत तो नाकतोडा किंवा टोळ म्हणून वावरतो. या अदलाबदलीत आणखी एक गोष्ट हरवली. फ्रेंच भाषेत सिगाल आणि मुंगी ही दोन्ही नामे स्त्रीलिंगी आहेत, त्यामुळे मूळ कविता दोन शेजारणींची आहे. एक दुसरीच्या दारात चार दाणे उसने मागावयास गेली आहे, हा प्रसंग कोणत्याही चाळीत किंवा वाड्यात घडावा तसा घरगुती आहे. पुढील विवेचनात तिला सिगाल याच नावाने संबोधणे सोयीचे होईल.

कवितेतील घटनाक्रम थोडक्यात असा. उन्हाळा गाण्यात गेला. उत्तरेकडील बोचरा वारा वाहू लागला तेव्हा सिगालीजवळ माशीचा किंवा अळीचा तुकडादेखील शिल्लक नव्हता. ती शेजारच्या मुंगीकडे गेली आणि नवा हंगाम येईपर्यंत तग धरण्यापुरते थोडे धान्य उसने मागू लागली. ऑगस्टच्या आत, म्हणजे सुगीच्या आत, व्याज आणि मुद्दल दोन्ही फेडीन, असे तिने प्राणिमात्राच्या इमानावर सांगितले. मुंगीने एकच प्रश्न विचारला : उष्ण दिवसांत काय करीत होतीस? येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकासाठी दिवसरात्र गात होते, असे सिगालीने सांगितले. त्यावर मुंगीने गाण्याबद्दल आनंद व्यक्त करून आता नाचावयास लागण्याची सूचना केली. कविता तेथेच थांबते. सिगालीचे पुढे काय झाले, हे कवी सांगत नाही. तात्पर्यही सांगत नाही. ला फोंतेनच्या बहुतेक बोधकथांना आरंभी किंवा शेवटी तात्पर्याच्या ओळी जोडलेल्या असतात; संग्रहातील या पहिल्या कवितेला त्या नाहीत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रचनेचे कौशल्यही पाहण्याजोगे आहे. बावीसपैकी एकवीस ओळी सात-सात अक्षरांच्या आहेत. अपवाद फक्त दुसऱ्या ओळीचा. ती तीनच अक्षरांची असून तिच्यात उन्हाळ्याचा काळ सांगितलेला आहे. वाचणाऱ्याच्या जिभेवर तो उन्हाळा येतो न येतो तोच सरून जातो. आणि कवितेच्या मध्यावर, सिगालीची विनवणी संपल्यानंतर, कवी मुंगीच्या स्वभावावर एक शेरा मारतो. उसने देणे तिच्या स्वभावात नाही असे सांगून तो लगेच तिच्या दोषांविषयी बोलतो, आणि त्या शेऱ्याचा अर्थ फ्रेंचमध्ये दोन प्रकारे लागतो. एका अर्थाने, उसने देत सुटण्याचा दोष तिच्यात नाममात्रही नाही. दुसऱ्या अर्थाने, उसने न देणे हा तर तिच्या दोषांपैकी अगदी किरकोळ दोष. मोठे आणखी आहेत. ज्या वाचकाला मुंगी आदर्श वाटते तो पहिला अर्थ घेऊन पुढे जातो. दुसरा अर्थ ज्याला दिसला, त्याला ती कविता पूर्वीसारखी वाचता येत नाही.

हिवाळा म्हणजे काय

भारतीय वाचकाला या कथेतील हिवाळा थोडा परका वाटतो. आपल्याकडे थंडी हा खाण्यापिण्याचा, पीक घरात येण्याचा काळ. आपल्या पूर्वजांना धास्ती होती ती पावसाळ्याची. वाटा बंद, नद्यांना पूर, समुद्र खवळलेला, सरपण ओले. म्हणून चैत्र-वैशाखात घराघरांतून पावसाळ्याची बेगमी होत असे. पापड, कुरडया, लोणची, सुकी मासळी, गोवऱ्या, वर्षाचे धान्य, सारे मृगाच्या आत भरून ठेवावयाचे. कोकणात या तयारीला आगोटीची तयारी म्हणतात. गोव्यात तिचे नाव 'पुरुमेंत' असून त्यासाठी उन्हाळ्याच्या अखेरीस खास बाजार भरतात.

युरोपातील शेतकऱ्याच्या दृष्टीने हिवाळा याहून कठोर होता. शरद ऋतूत कोठारात जे शिरले तेवढ्यावरच पुढील सुगीपर्यंतचे महिने काढावयाचे. कोठार रिकामे असणे म्हणजे गैरसोय नव्हे, मृत्यूची शक्यता. ला फोंतेनचा संग्रह प्रसिद्ध होण्यापूर्वी थोडीच वर्षे, १६६१-६२ मध्ये, फ्रान्सने पीक बुडाल्यामुळे भयंकर दुष्काळ अनुभवला होता. त्यामुळे चार दाण्यांसाठी दारात आलेली शेजारीण हे त्या काळच्या वाचकाला केवळ काल्पनिक चित्र वाटले नसेल. सिगालीने निवडलेली मुदतही याच जीवनातून आलेली आहे. ऑगस्ट म्हणजे तेथील गव्हाच्या कापणीचा महिना. म्हणून सुगीच्या आत फेडीन, हे वचन. पीक कर्जाच्या परतफेडीची तारीख आजही पिकाच्या कापणीशीच जोडलेली असते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. मूळ इसापच्या कथेत कर्ज नाही. तेथे हिवाळ्यात मुंग्या ओले झालेले धान्य वाळवीत असतात, भुकेलेला सिकाडा त्यांच्याकडे अन्न मागतो, आणि मुंग्या त्याला हसतात. व्याज, मुद्दल आणि मुदत ही भर ला फोंतेनची. त्या काळी धर्मपीठाच्या दृष्टीने साध्या उसनवारीवर व्याज घेणे हे पाप मानले जात असे, व्यवहारात ते निरनिराळ्या वाटांनी चालत असे. सिगालीने न मागता व्याज देऊ करावे, तेही मुद्दलाच्या आधी उच्चारावे, यात तिची निकड किती होती हे दिसते. वसुलीचा हाच क्रम बँकेतील कर्जखात्यांच्या परिचयाचा आहे, ही एक गंमत.

अर्जाची छाननी

आता हा अर्ज एखाद्या शाखेत आला आहे अशी कल्पना करावी. रक्कम लहान. हेतू स्पष्ट आणि प्रामाणिक. मुदत सहा-आठ महिन्यांची. व्याज देण्याची तयारी. येथपर्यंत सारे अनुकूल आहे. तारण काहीच नाही, जामीनदार नाही. परतफेडीचा स्रोत कोणता, या रकान्यासमोर लिहिण्यासारखे सिगालीजवळ काही नाही, कारण ती गाण्याचे मोल घेत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ती फुकट गाऊन दाखविते. पुढील उन्हाळ्यातही ती गाईलच. मग सुगीच्या वेळी दाणे कोठून येणार? कोणताही सावध अधिकारी हा प्रश्न विचारील, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर अर्ज परत करील. हिशेबाच्या बाजूने मुंगी चुकली असे म्हणता येणार नाही.

मात्र मुंगीने हा प्रश्न विचारलाच नाही. तिने भूतकाळाची चौकशी केली, भविष्याची केली नाही. किती हवे, कशासाठी, कसे फेडणार, थोडे कमी चालेल काय, यांपैकी एकही शब्द तिच्या तोंडून निघत नाही. तिला हवी होती ती सिगालीच्या तोंडून कबुली. ती मिळताच तिने तिची थट्टा केली. नकार देणे आणि नकार देताना समोरच्याची मानहानी करणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. कवितेतला दंश पहिल्या क्रियेत नाही, दुसऱ्या क्रियेत आहे. समोरच्याचे कागद पुरे नसतात, नियम आड येतात, मर्यादा संपलेली असते. कारणे खरी असतात, आणि नकार द्यावा लागतो. टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाने घरून निघताना किती वेळा शब्द जुळविले असतील, याचा अंदाज या बाजूने सहसा येत नाही. ला फोंतेनने सिगालीच्या विनवणीसाठी आणि मुंगीच्या उत्तरासाठी योजलेले शब्द पाहता, कवीचे लक्ष नेमके या अंतरावर होते असे म्हणण्यास जागा आहे.

गाणे हे काम आहे की आळस, हाही प्रश्न कवितेने उघडाच ठेवला आहे. हंगामी मिळकतीवर जगणारे कलावंत काही केवळ कथेत नसतात. महाराष्ट्रातील तमाशाच्या फडांचा हंगाम दसऱ्यापासून उन्हाळ्यातील जत्रांपर्यंत चालतो; पावसाळ्यात तंबू गुंडाळलेले असतात, आणि कलावंतांचा तो काळ फडमालकाकडून घेतलेल्या उचलीवर निघतो. ही उचल पुढच्या हंगामात फिटते. ज्याला ही रीत माहीत आहे, त्याला सिगालीची मागणी अडाणीपणाची वाटणार नाही. तिचे गाणे हीच तिची मिळकत होऊ शकते, हा विचार मुंगीच्या मनात येत नाही इतकेच.

तारण नसलेल्या शेजारणीचा शब्द हेच तारण मानता येईल काय, याचे एक उत्तर आपल्याच देशात शोधले गेले. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे स्वयंसहायता गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. दहा-वीस शेजारणी एकत्र येऊन दरमहा थोडी थोडी बचत करतात, त्यातूनच एकमेकींना उसने देतात, आणि या व्यवहारात शिस्त दिसली म्हणजे बँक गटाला कर्ज देते. पुढे या उपक्रमाचा देशभर मोठा विस्तार झाला. त्यात मुंगीचा साठविण्याचा गुण आणि सिगालीचा शब्द या दोहोंना जागा आहे. व्याज आहे, मुदत आहे, चौकशीही आहे. फक्त ती चौकशी रोज तोंड पाहणाऱ्या बायका करतात, आणि गरज पडल्यास कोण कशी फेडील हे त्यांना कोणत्याही छापील नमुन्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते.

कवी कोणत्या बाजूचा

बचतीच्या या विख्यात कवितेचा कर्ता स्वतः कसा होता, हे पाहणे मनोरंजक आहे. ला फोंतेनचा जन्म शाम्पान्य प्रांतातील शातो-तिएरी या गावचा. वडील जंगल व जलाशयांवरील राजअधिकारी होते. ते पद त्याच्याकडे आले, आणि १६५८ मध्ये वडील वारल्यावर त्यांची देणीही आली. मिळकतीकडे लक्ष देणे त्याच्या स्वभावातच नव्हते. राज्याचा अर्थप्रमुख निकोला फुके हा त्याचा आश्रयदाता. १६६१ मध्ये राजाने फुकेला अटक केली आणि तो आधार तुटला. पुढे सुमारे वीस वर्षे तो मादाम द ला साब्लिएर या विदुषीच्या घरी पाहुणा म्हणून राहिला. स्वतःसाठी लिहिलेल्या मृत्युलेखात त्याने आपल्या आयुष्याचा ताळेबंदच मांडला आहे. आला तसा गेला, उत्पन्नाबरोबर भांडवलही खाऊन टाकले आणि आयुष्याचे दोन वाटे करून एक झोपेत, दुसरा काहीही न करण्यात घालविला, असा त्याचा आशय आहे. म्हणजे मुंगीचे चित्र रेखाटणारा हा माणूस पक्का सिगालीच्या कुळातला. फरक एवढाच की त्याच्या शेजारणीने त्याला घरात घेतले. अर्थात त्याच्या आळसावर फारसा विश्वास ठेवण्याचे कारण नाही. त्याच्या ओळी किती घासून-पुसून घडविलेल्या आहेत हे वाचताना जागोजागी कळते.

योगायोग असा की हीच कथा रशियन भाषेत अजरामर करणारा इव्हान क्रिलोव हाही आळसासाठी प्रसिद्ध होता. त्याची कविता १८०८ मधील. त्यात सिगालीच्या जागी 'स्त्रेकोझा' आहे. आजच्या रशियनमध्ये या शब्दाचा अर्थ चतुर असा होतो. मुंगी तेथे पुल्लिंगी आहे. स्त्रेकोझा त्याला सलगीच्या नात्याने हाक मारते. ती कर्ज मागत नाही, वसंत येईपर्यंत अन्न आणि ऊब मागते. रशियाच्या हिवाळ्यात त्या उबेचा अर्थ काय, हे वेगळे सांगावयास नको. शेवट मात्र तसाच आहे, नाचण्याचा सल्ला देणारा.

या शेवटाने विचारवंत आजवर अस्वस्थ होत आले आहेत. ज्याँ-जाक रूसोने १७६२ मधील 'एमील' या शिक्षणविषयक ग्रंथात ला फोंतेनच्या कविता लहान मुलांच्या हाती देण्यास विरोध केला. आपण मुलांना सिगालीच्या उदाहरणाने सावध करीत आहोत असे मोठ्यांना वाटते, पण मूल स्वतःला सिगालीच्या जागी ठेवीतच नाही, ते मुंगी होऊ पाहते. आणि मग ते काटकसर शिकत नाही, नकार देताना टोमणा कसा मारावा हे शिकते, असा त्याचा मुद्दा होता. रशियातील मुलांचा अनुभव उलट निघाला. मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की याने १९२५ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या 'कलेचे मानसशास्त्र' या ग्रंथात नोंदविले आहे की मुलांना मुंगी कठोर वाटते आणि त्यांची सहानुभूती स्त्रेकोझाकडे जाते. रूसो आणि विगोत्स्की यांची निरीक्षणे परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः कविता दोन्ही बाजूंनी ओढ लावते म्हणूनच ती साडेतीनशे वर्षांनंतरही वाचली जाते, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

मुंगीच्या बाजूने एक साक्ष, एक विरुद्ध

निसर्गाच्या न्यायालयात हा खटला नेला तर काय होते, हेही पाहावयास हवे. फ्रान्सच्या दक्षिणेस, प्रोव्हान्समधील सेरिन्याँ या गावी राहून दीर्घकाळ कीटकांचे निरीक्षण करणाऱ्या ज्याँ-आँरी फाब्र (१८२३-१९१५) याने आपल्या कीटकविषयक आठवणींच्या पाचव्या मालिकेत या कवितेची कसून उलटतपासणी केली. सिकाडाला चावावयास जबडाच नाही, असलीच तर रस शोषून घेणारी सोंड आहे. दाणा, माशी किंवा अळी त्याला खाताच येत नाही. प्रौढ सिकाडा हिवाळा पाहातच नाही, कारण उन्हाळ्याबरोबरच त्याचे आयुष्य संपते. उसने मागणारा कोण, याविषयीचे त्याचे निरीक्षण तर कथा उलटी करणारे आहे. जुलैच्या कडक उन्हात सिकाडा झाडाच्या सालीला भोक पाडून रस पिऊ लागला की तहानेने व्याकूळ झालेले इतर कीटक तेथे गर्दी करतात. त्यांत सर्वांत चिवट मुंग्या. त्या त्याच्या पायांना ओढतात, पंखांवर चढतात, आणि तो कंटाळून निघून गेला की त्या विहिरीचा ताबा घेतात. पुढे तो मरून पडला की त्याचे तुकडे करून नेणाऱ्याही त्याच. आळसाचा आरोपही फाब्रला मान्य नाही. त्याच्या मते या कीटकाची चार वर्षे जमिनीखाली, अंधारात, श्रमात जातात. उन्हातले गाणे जेमतेम महिनाभराचे.

मुंगीच्या बाजूची साक्ष मात्र पुण्यातून आली, हे मराठी वाचकांना ऐकून आनंद होईल. उत्तर युरोपातील मुंग्या थंडीत निश्चेष्ट पडून राहतात, धान्य साठवीत नाहीत. त्यामुळे तेथील अनेक अभ्यासकांना प्राचीनांची ही समजूत चुकीची वाटू लागली होती. मुंग्या तोंडात धरून नेत असलेले कोशच जुन्या लोकांना दाणे वाटले असावेत, असे सांगितले जाई. मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अधिकारी व निसर्ग-अभ्यासक विल्यम हेन्री साइक्स याला १८२९ च्या जून महिन्यात पुण्याच्या परेड-मैदानाजवळच्या पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे वीसहून अधिक लहान ढीग दिसले. प्रत्येक ढीग सुमारे मूठभर. शेकडो मुंग्या जमिनीखालच्या कोठारातून बिया वर आणीत होत्या. पावसाच्या पहिल्या सरींनी भिजलेला साठा उघडीप मिळताच उन्हात घालण्याचे ते काम होते. परतीच्या पावसानंतर, ऑक्टोबरात, त्याने हेच पुन्हा पाहिले. इसापच्या कथेतील धान्य वाळविणाऱ्या मुंग्या अशा रीतीने पुण्यात सापडल्या, आणि त्यांची बेगमी हिवाळ्यासाठी नसून आपल्यासारखीच पावसाळ्याशी बांधलेली होती. पुढे १८७३ मध्ये जॉन मॉग्रिज याने भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील मांतों येथे धान्य साठविणाऱ्या मुंग्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्याच्या मुंगीला साइक्सने दिलेले नाव 'प्रॉव्हिडेन्स', म्हणजे पुढचे पाहणारी. गोव्यातील 'पुरुमेंत' हा शब्दही पोर्तुगीजमधून त्याच लॅटिन धातूपर्यंत पोहोचतो.

पुढचे पाहण्याची कल्पना आपल्याकडे अर्थातच जुनी आहे. पंचतंत्रातील तीन माशांपैकी एकाचे नावच अनागतविधाता, न आलेल्या संकटाची आधी तजवीज करणारा. दुसरा प्रत्युत्पन्नमती, तिसरा यद्भविष्य. कोळी येणार हे कळताच पहिला तळे सोडून जातो, दुसरा ऐन वेळी युक्तीने सुटतो, तिसरा मरतो. ला फोंतेनला या परंपरेची ओळख होती. १६७८ मधील आपल्या दुसऱ्या संग्रहाच्या निवेदनात त्याने 'पिल्पे' या भारतीय ऋषीचे ऋण मान्य केले आहे. पंचतंत्राच्या फारसी-अरबी वाटेने युरोपात पोहोचलेल्या रूपांतरांचा कर्ता म्हणून हे नाव तेथे रूढ होते. माशांच्या गोष्टीत मात्र कोणी कोणाच्या दारात जात नाही. प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापुरता असतो. ज्याच्याजवळ साठा आहे आणि ज्याच्याजवळ नाही, त्यांना एका उंबरठ्यावर समोरासमोर उभे करण्याचे काम इसापने सुरू केले आणि ला फोंतेनने ते व्याज-मुद्दलासह पूर्ण केले.

विसाव्या शतकात हा उंबरठा पुन्हा पुन्हा ओलांडला गेला. जगभर मंदीची झळ लागलेली असताना, १९३४ मध्ये, वॉल्ट डिस्नेच्या चित्रपटात मुंग्यांनी गोठलेल्या नाकतोड्याला आत घेऊन शेकले, आणि राहावयाचे तर काम केले पाहिजे असे सांगून त्याच्याच हातात त्याचे व्हायोलिन दिले. फ्रेंच नाटककार ज्याँ आनुई याच्या १९६२ मधील कवितेत तर मुंगी कोठेच नाही. तेथील सिगाल रंगमंचावर गाऊन चांगली श्रीमंत झालेली आहे, आणि हिवाळा सुरू होताच ती आपली पुंजी गुंतविण्यासाठी एका सावकारी करणाऱ्या कोल्ह्याच्या कचेरीत जाते. गाणाऱ्या बाईला हिशेबातले काय कळणार, अशा समजुतीने कोल्हा गोड बोलू लागतो. थोड्याच वेळात त्याच्या ध्यानात येते की व्याजाचे दर तिला त्याच्यापेक्षा अधिक तोंडपाठ आहेत.